गाठ होती, गर्भ नव्हता

लेक अकरावीत गेली त्या वर्षी तिचं पोट वाढायला लागलं. चेहरा उतरला, गळ्याखालची हाडं दिसायला लागली, मनगटं काटकुळी झाली आणि पोट तेवढं पुढं. जीन्सचं बटण लागेना म्हणून ती सैल कुर्ते घालायला लागली. चार घास खाल्ले की पोट तट्ट भरतं म्हणायची. डाव्या बाजूला दुखतं म्हणायची. पाळीही चुकली होती.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. नवऱ्याला डेराबस्सीतल्या औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून लग्नानंतर चंदीगडला आलो आणि इथलेच झालो. मी एका खाजगी शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. लेक इथंच जन्मली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देते.

मी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिच्या पोटाला हातसुद्धा लावला नाही. "कोचिंगला जाते ना, सेक्टर चौतीसला? मग काय! मोमोज, कोल्ड ड्रिंक आणि दिवसभर बसून राहायचं." गॅसच्या गोळ्या दिल्या. "आणि पाळीचं?" मी विचारलं. "टेन्शन." गोळ्या संपल्या, आम्ही परत गेलो, दुसऱ्या गोळ्या मिळाल्या. त्यानंतरच्या खेपेला मीच म्हणाले, एकदा सोनोग्राफी करू या का? ते हसले. "मॅडम, आप टीचर लोग इंटरनेट बहुत पढ़ते हो." मी चिठ्ठी लिहून द्या म्हणून हटून बसले. त्यांनी दिली, पण 'महिनाभरानं बघू' असं वर लिहून.

तो महिना संपायच्या आत, एका दुपारी, कोचिंगमधून फोन आला. वर्गात पोटात कळ येऊन ती बाकावरून खाली पडली होती. मी शाळेतून तशीच निघाले. ती जिन्याच्या पायरीवर पोट आवळून बसली होती, केस घामानं कपाळाला चिकटलेले. मला बघून एवढंच म्हणाली, "मम्मा, सीधा नहीं हुआ जा रहा." रिक्षावाल्यानं जवळचं जे नर्सिंग होम होतं तिथं नेलं.

तिथं त्यांनी गरोदरपणाच्या पट्टीनं लघवी तपासली. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या वयात आलेल्या मुलीची ही तपासणी करतात, करायलाच हवी. त्याबद्दल माझं आजही काही म्हणणं नाही. नर्स ती पट्टी घेऊन डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली आणि बाहेर येताना तिनं माझ्याकडं बघायचं टाळलं. मग बाई स्वतः बाहेर आल्या. लेकीला आत घेतलं आणि मला म्हणाल्या, "आप बाहर बैठिए."

दार नीट लागत नव्हतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"कौन है वो?"

"कौन?"

"बेटा, टेस्ट पॉझिटिव्ह है. कोचिंग का लड़का है?"

"कोई नहीं है, मैम."

"घर में कोई? अंकल, कज़िन?"

"मैम, बहुत दर्द हो रहा है."

"दर्द तो होगा ही."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि दार ढकलून आत गेले. लेक तपासायच्या पलंगाच्या कडेला वाकून बसली होती. अजून कुणी तिला आडवंसुद्धा केलं नव्हतं. मी म्हणाले, आधी तिला झोपवा, दुखणं थांबवायचं काहीतरी द्या, मग काय विचारायचं ते विचारा. बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, मैं समझती हूँ. माँ को सबसे आख़िर में पता चलता है."

सोनोग्राफी झाली. गर्भाशय रिकामं होतं. डाव्या बाजूला मोठी गाठ होती आणि पोटात थोडं पाणी जमलं होतं. बाईंनी लगेच निकाल देऊन टाकला: गर्भ नळीत अडकलाय, फुटला असणार, आत्ताच्या आत्ता पोट उघडावं लागेल. मी विचारलं, "नळीतला गर्भ एवढा मोठा होतो? हिचं पोट तीन महिने वाढतंय. मी दोनदा औषध आणलंय." त्या नर्सशी बोलत होत्या. मी तेच पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, मुली तारखा खोट्या सांगतात.

मी तारीख सांगत नव्हते, पोट सांगत होते. पण त्या खोलीत आता पोट राहिलंच नव्हतं. तिथं फक्त एक मुलगा होता, जो कुठंच नव्हता, आणि सगळे त्यालाच शोधत होते.

लेक अठराच्या आतली होती. त्यामुळं पोलिसांना कळवणं भाग होतं, तसा कायदाच आहे. त्यांनी कळवलं. आणि मी नवऱ्याला फोन केला.

तो डेराबस्सीहून यायला निघाला, आणि वाटेतच त्यानं सांगलीला आपल्या मोठ्या भावाला फोन लावला. घाबरला की तो भावाला फोन लावतो. दिरांनी जाऊबाईंना सांगितलं, जाऊबाईंनी नणंदेला. नवरा नर्सिंग होमच्या दारात पोचायच्या आधी सांगलीत माझी लेक गरोदर झालेली होती.

तो आला. सरळ तिच्या पलंगाशी गेला. तोवर तिला एक इंजेक्शन दिलं होतं, जरा डोळे उघडत होती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाळा, खरं सांग. पप्पा काही बोलणार नाहीत. कोण आहे तो?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा ती उत्तरं देत होती, 'नाही' म्हणत होती. बापाला तिनं उत्तरच दिलं नाही. मान भिंतीकडं वळवली.

मी त्याचं मनगट धरून त्याला बाहेर ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी असं वागले.

"काय विचारलंत तिला?"

"अगं, टेस्ट..."

"टेस्टचं राहू द्या. ती नाही म्हणतेय."

"पोरी घाबरून नाही म्हणतात. समजा असंल, तर आपण..."

"असंल तर असंल! असलं तरी आधी तिचं दुखणं बघायचं की नाही? ती वाकडी झालीय हो. दिसत नाही तुम्हाला?"

तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला दिसत नव्हतं असं नाही. लाजेनं त्याचे कान लाल झाले होते, आणि मला त्या लाल कानांचा जो संताप आला तो आजही तसाच आहे.

पोलिसांकडून एक बाई आल्या, सोबत एक कॉन्स्टेबल. त्या बाईंनी निदान कॉन्स्टेबलला बाहेर थांबवलं. तेच प्रश्न झाले, तीच उत्तरं झाली. मी त्यांना सांगितलं, मला इथं ऑपरेशन करायचं नाही, मी लेकीला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेणार आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाटेत काही झालं तर जबाबदारी तुमची, आणि आमच्याकडून सही घेतली. पोलिसबाई म्हणाल्या, "इलाज पहले कराओ जी. बयान बाद में हो जाएगा." ॲम्ब्युलन्सच्या मागून त्यांची गाडी आली. लेकीनं काचेतून ते बघितलं. "मम्मा, पुलिस मेरे पीछे क्यों आ रही है?" याचं उत्तर कुठल्याही आईला द्यावं लागू नये.

सरकारी हॉस्पिटलातल्या गर्दीत आम्ही बराच वेळ स्ट्रेचरवर थांबलो. मग एक तरुण डॉक्टर मुलगी आली. डोळे तारवटलेले, केस कसेतरी बांधलेले. तिनं कागद वाचले, बाजूला ठेवले आणि पहिल्यांदा लेकीच्या पोटावर हात ठेवला. हळूहळू, सगळीकडं. इतक्या महिन्यांत तिच्या पोटावर डॉक्टरचा पडलेला तो पहिला हात. तिनं आम्हाला पडद्याबाहेर उभं केलं आणि लेकीला एकटीलाच विचारलं. कधीपासून दुखतंय? कुठं? वजन कमी झालं का? पाळी कशी होती? आणि मग, त्याच आवाजात, कुणाशी संबंध आला होता का. 'नाही' म्हटल्यावर तिनं ते 'नाही' लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. बस. इतकं सोपं होतं ते.

बाहेर येऊन ती मला म्हणाली, "यह टेस्ट एक हार्मोन पकड़ता है. हार्मोन कहाँ से आ रहा है, यह नहीं बताता."

मी विज्ञान शिकवणारी बाई. हे वाक्य मला लगेच कळलं. मी तिथंच लादीवर बसले.

तिनं रक्त पाठवलं. त्यात त्या हार्मोनचं नेमकं प्रमाण आणि आणखी दोन द्रव्यं तपासायची होती, जी विशिष्ट गाठींमध्ये वाढतात. पुन्हा सोनोग्राफी झाली, मग स्कॅन. तिन्ही आकडे वाढलेले आले. तिच्या वरिष्ठ डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं की अंडाशयात ज्या पेशींपासून पुढं बीज तयार होतं, त्या पेशींचीच ही गाठ आहे. जर्म सेल ट्यूमर म्हणतात. अंडाशयाचे कर्करोग बहुतेक मोठ्या वयाच्या बायकांना होतात, पण ही जात मुलींची, विशीच्या आतबाहेरच्यांची. दुर्मिळ आहे. यातल्या काही गाठी तोच हार्मोन बनवतात जो गरोदरपणी बनतो, म्हणून पट्टी पॉझिटिव्ह येते. दुपारची ती कळ आली कारण गाठीला पीळ पडला होता. आणि मग ते म्हणाले, ही गाठ औषधाला चांगली दाद देते. एका बाजूचं अंडाशय काढावं लागेल. दुसरं आणि गर्भाशय ठेवता येईल, ठेवायचंच.

'कर्करोग' शब्द ऐकून बाप रडला. मी रडले नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि पोरीला कर्करोग झाल्यावर आईला सुटल्यासारखं वाटावं, अशी वेळ माझ्यावर आणणाऱ्या सगळ्यांचा मला राग आला.

ऑपरेशन झालं. गाठ काढली ती लहान टरबुजाएवढी होती. तपासणीत तिच्यात दोन जातींच्या पेशी सापडल्या, म्हणून केमो ठरली. डॉक्टरांनी पोलिसांना पत्र दिलं, पोलिसांचं प्रकरण बंद झालं. त्या पोलिसबाई वॉर्डात येऊन लेकीला म्हणाल्या, "बेटा, ठीक हो जाओ." हे तिला कळवायला त्या स्वतः आल्या, एवढं मी त्यांच्या खात्यावर ठेवते.

सांगलीहून दिरांचा फोन आला. "झालं ते झालं. पण हे बाहेर कुठं बोलू नका. अंडाशय काढलं म्हटल्यावर पुढं पोरीचं कोण..." मी त्यांना मध्येच थांबवलं. "भाऊजी, ती गरोदर आहे हे तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत?"

"अगं, ते त्या वेळी..."

"त्या सगळ्यांना आता फोन करा. गाठ होती म्हणून सांगा. कर्करोग म्हणा, अंडाशय म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा."

त्यांनी एकालाही फोन केला नाही. गरोदरपणाची बातमी सांगलीभर फिरली, आणि कर्करोग मात्र घरातल्या घरात झाकायचा होता. मीच एकेक नंबर लावला. नणंद म्हणाली, "देव पावला गं वहिनी, तसलं काही निघालं नाही." माझ्या पोरीच्या नसांत तेव्हा विष चाललं होतं, ओकून ओकून ती हिरवी पडली होती, आणि हिला देव पावला होता.

केमोचे दिवस नवऱ्यानं सांभाळले. मला शाळेत रजा मिळेना, त्यानं बिनपगारी घेतली. भांडं धरायचा, पाय दाबायचा, तिच्यासाठी घरून मऊ भात नेऊन भरवायचा. ती त्याच्याशी 'पानी' आणि 'बस' या दोन शब्दांपलीकडं बोलत नव्हती. केस गळायला लागले तेव्हा तिनं मलाच मशीन फिरवायला लावली. तो दारात उभा होता, आत आला नाही.

दुसऱ्या फेरीनंतर एका सकाळी मी डबा घेऊन गेले तर दोघं बोलत होते. मी पडद्याआड थांबले.

"पापा, आपने क्यों पूछा था?"

तो म्हणाला, "घाबरलो होतो, बाळा."

"मैं भी डरी हुई थी. मुझे किसी ने नहीं पूछा कि तू डरी हुई है क्या."

त्यानं माफी मागितली, मराठीत, जशी आमच्यात बाप कधी मागत नाहीत. तिनं 'ठीक है' म्हटलं. ते 'ठीक है' होतं, 'माफ किया' नव्हतं. त्यालाही ते कळलं.

शेवटची फेरी झाली, रक्तातले आकडे खाली आले, आणि मी सगळे रिपोर्ट घेऊन त्या नर्सिंग होममध्ये गेले. नवरा म्हणाला, जाऊ दे, कशाला. मी गेले.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले. त्यांचा चेहरा पडला, हे खरं. "मॅडम, बहुत रेअर है यह. मैंने अपनी प्रॅक्टिस में नहीं देखा."

"दुर्मिळ आहे, मान्य. तुम्हाला ओळखता आलं नाही, त्यासाठी मी आलेले नाही."

"पुलिस को बताना हमारी मजबूरी है. कानून है."

"कायद्याबद्दलही नाही. गर्भाशय रिकामं दिसल्यावर, एवढी मोठी गाठ दिसल्यावर, ती नाही म्हणत असताना, दुसरं काही असू शकेल का, एवढं तुमच्या मनात का आलं नाही? तुम्ही तिला मुलाबद्दल कितीदा विचारलंत. कुठं दुखतंय, हे एकदा तरी विचारलंत?"

त्यांनी कागद गोळा करून मला परत दिले. मग, मला वाटतं समजूत घालायलाच, म्हणाल्या, "लेकिन अच्छा ही हुआ न. बच्ची वैसी नहीं निकली."

मी खुर्चीवरून उठले. बाहेर बसलेल्या बायका दारातून बघायला लागल्या इतका माझा आवाज चढला.

"वैसी निकलती तो? खरंच गर्भ असता तर? तर तिला दुखलं असतं तेही चाललं असतं? तर तिला वाकडं बसवून चौकशी करायची, असं तुम्हाला कुठल्या कॉलेजात शिकवलं? माझी पोरगी 'तशी' नव्हती म्हणून तिची दया करू नका. तिच्या जागी 'तशी' पोरगी आली असती तर तीही सोळाचीच असती!"

नर्सनं मला पाणी आणून दिलं. मी ते घेतलं नाही.

घरी येताना मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. लोक म्हणतात बोलून टाकलं की राग जातो. माझा गेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. कारण अजूनही भेटतात लोक, सेक्टरमधल्या ओळखीच्या बायका, नात्यातले, आणि म्हणतात, बिचारीवर उगाच आळ आला. आळ! जणू सगळं दुखणं त्या आळाचंच होतं.

लेकीचं एक वर्ष गेलं. तिनं मेडिकलची कोचिंग सोडली आणि आता इथल्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. केस परत आले, पूर्वीपेक्षा कुरळे. पाळी सुरू झाली. तपासणीला ती स्वतःच जाते, कधी बापाला सोबत नेते. त्या दोघांचं आता बरं चाललंय. क्रिकेट बघताना भांडतात. पण काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ती माझ्याकडं येते, आणि तो ते बघून उठून स्वयंपाकघरात जातो, उगाच भांडी हलवत बसतो.

गेल्या वर्षी आमच्या शाळेनं नववी-दहावीच्या मुलींसाठी आरोग्यावर एक तास ठेवला आणि मला बोलायला सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईंनी आधी खोलीत बोलावून बजावलं: पाळीबद्दल बोला, रक्तातल्या लोहाबद्दल बोला. गाठीबिठी नकोत, पालक घाबरतात. "और वो प्रेग्नन्सी टेस्टवाली बात तो बिल्कुल नहीं, मॅडम. स्कूल है यह."

मी घरी येऊन लेकीला विचारलं. गोष्ट तिची होती.

ती जेवत होती. म्हणाली, "सब बोलो. पूछें तो मेरा नाम भी बता देना."

मी सगळं बोलले. पोट फुगत असेल आणि अंग वाळत असेल तर गप्प बसू नका, म्हणाले. डॉक्टर पोटाला हात लावत नसतील तर दुसऱ्या डॉक्टरकडं न्या म्हणून घरी हट्ट धरा. पट्टी पॉझिटिव्ह आली तरी ती कशामुळं आली हे शोधायचं असतं, आणि ती खरीच असली तरी तुम्हाला दुखत असेल तर आधी दुखण्याकडं बघायला हवं, हे सांगितलं. अंडाशय हा शब्द मी इतक्या वेळा उच्चारला की मागच्या बाकावरच्या मुलींचं हसणं थांबलं आणि त्या वहीत चित्र काढून घ्यायला लागल्या. एका मुलीनं हात वर करून विचारलं, "मॅम, दूसरी ओव्हरी से सब नॉर्मल होता है?" मी म्हणाले, होतं. मुख्याध्यापिका दाराशी उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, मी फळ्यावर दुसरं अंडाशय काढलं.

यंदा तो तास त्यांनी दुसऱ्या बाईंना दिला.